दाखवायची चूल

त्या वर्षी मका एवढा पिकला की हसावं की डोक्याला हात लावून बसावं, हे कुणालाच कळेना. अंगणात मका, ओसरीवर मका, माळ्यावर मका. बाहेरून आलेला माणूस पाय कुठे ठेवू म्हणून उंबऱ्यातच थबकायचा. कोंबड्यासुद्धा मक्याकडे बघेनाशा झाल्या होत्या.

सरकारने मक्याचा हमीभाव वाढवला आणि ज्याने त्याने मकाच पेरला. थोरलीच्या घरानेही विहिरीकडचं डाळीचं रान मोडलं, भाजीचा तुकडा मोडला आणि अगदी बांधाला टेकेपर्यंत मका टोचला. तिचे सासरे, आबा, पेरणीच्या वेळी एवढंच म्हणाले होते, "खाण्यापुरत्या डाळीचं तरी रान ठेवा रे."

त्यावर तिचा धाकटा दीर हसला होता. "आबा, डाळ दुकानात मिळते. हमीभाव दुकानात मिळतो का?"

आबा उठून बैलांकडे गेले. त्यांनी जमीन कधीच दोन्ही मुलांच्या नावावर अर्धी अर्धी करून दिली होती. पण ते कागदापुरतं. शेत एकच, बैलजोडी एकच आणि चूलही एकच. त्या चुलीपुढे थोरली बसायची. लग्न होऊन आली तेव्हा सासू अंथरुणाला खिळलेली होती. तेव्हापासून कुणाला काय आवडतं, कुणाला काय सोसत नाही, हे सगळं तिच्या हातात मुरलं होतं. धाकटी जाऊ नंतर आली. भाजी चिरायची, पाणी भरायचं, भांडी घासायची, पण चुलीपुढच्या पाटावर तिची पाळी कधी आली नाही. तसं कुणी ठरवलं नव्हतं. ते तसं होऊन बसलं होतं.

मका सोलायला सगळं घर बसलं होतं. कणसाच्या टोकाला खिळा खुपसायचा, साल फाडायची, कणीस ढिगावर फेकायचं. दिवसभर तेच. सालीच्या कडा पात्यासारख्या. थोरलीच्या अंगठ्याच्या पेरात भेग पडली होती, तिच्यात सालीचं बारीक कूस जाऊन बसत होतं. घामाला ते कूस चिकटलं की मान, काख, गुडघ्याच्या लवणी, सगळीकडे आग व्हायची. धाकटीच्या पायावर तिची लहान मुलगी झोपली होती आणि तिला हलवायला नको म्हणून धाकटी तिरकी बसून सोलत होती.

"पाय मेला असेल तुझा," थोरली म्हणाली.

"मघाशीच मेला, ताई. आता दुसराही चाललाय."

दोघी हसल्या. धाकटीचं हसू तोंडातल्या तोंडात असायचं. मोठ्याने हसली की आधी ती इकडेतिकडे बघून घ्यायची.

तेवढ्यात व्यापारी आला. बाजूला मळून ठेवलेल्या मक्याच्या ढिगात हात घालून त्याने मूठभर दाणे उचलले, एक दाणा दाताखाली फोडला आणि बाकीचे बोटांच्या फटीतून सोडून दिले. मग भाव सांगितला. हमीभावाच्या निम्म्याहून जरा वर.

थोरलीचा नवरा, ज्याला सगळं गाव थोरला म्हणायचं, कणीस हातात तसंच धरून उभा राहिला. "अहो, सरकारने भाव जाहीर केलाय."

"केलाय ना. मग सरकारला घाला," व्यापारी म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, थट्टाही नव्हती. "माझ्या गोदामात पाय ठेवायला जागा नाही. अख्ख्या मुलखाने एकच पीक घेतलं, मी ते खाऊ किती?"

सरकारला घालायची अडचण वेगळीच होती. खरेदी केंद्रावर प्रत्येक घराकडून ठरावीक पोतीच घेत. तेवढी झाली की काटा बंद. थोरल्याच्या घरची तेवढी पोती भरून अंगणात अजून तेवढाच मका उरणार होता. ठेवायला कोठार नाही, आणि आभाळ रोज दुपारनंतर एका कोपऱ्यातून काळं होत होतं.

त्या संध्याकाळी धाकटा बाहेरून आला तो तोंड धुवायलाही थांबला नाही.

"दादा, लोहाराने दोन घरांचा मका घातला. तो आणि त्याचा भाऊ."

"ते तर एकत्रच राहतात की."

"राहतात. पण केंद्रावरचा साहेब येऊन काय बघतो? घर म्हणजे चूल. एका चुलीमागे एक वाटा. त्यांनी मागे दुसरी चूल घातली, साहेबाने बघितली, झालं."

थोरला बराच वेळ तोंडात तंबाखू चघळत बसला. मग म्हणाला, "म्हणजे आपण वेगळं व्हायचं?"

"वेगळं कुठे व्हायचंय? नुसतं दाखवायचंय."

"आबा?" थोरल्याने विचारलं.

आबा भिंतीला टेकून बसले होते. "मला विचारू नका," ते म्हणाले. "मी डाळीचं विचारलं होतं तेव्हा कुणी ऐकलं नाही. आता चुलीचं मला नका विचारू."

दूर कुठेतरी गडगडलं आणि सगळ्यांच्या माना एकदम अंगणातल्या ढिगाकडे वळल्या.

"मी घालते चूल," थोरलीच शेवटी म्हणाली. "माती कालवायला किती वेळ लागतो? दाखवायची तर दाखवायची. एवढा मका कुजताना बघवायचा नाही मला."

घराच्या मागच्या अंगाला, धाकट्याच्या झोपायच्या खोलीला लागून अवजारांची खोली होती. नांगर, कुदळी, फुटक्या घागरी बाहेर काढून तिथे जागा केली. बाहेरच्या बाजूला एक दार होतं, कित्येक वर्षं बंद असलेलं, ते धाकट्याने ठोकून ठोकून उघडलं. दोघी जावांनी विहिरीकडची चिकणमाती आणली, भुसा घातला आणि पायाने तुडवायला सुरुवात केली. गार चिखल बोटांमधून वर येत होता. सोलून सोलून आंबलेल्या अंगाला तेवढंच बरं वाटत होतं.

थोरली चूल घालायला बसली की तिला घाईचं काम जमायचं नाही. खोटी चूल घालायला बसली आणि हात खरीच घालू लागले. कड ओल्या हाताने गुळगुळीत केली, आतला उतार अंगठ्याने दाबून बघितला.

धाकटी बाजूला उकिडवी बसून बघत होती. "ताई, तोंड जरा रुंद ठेवाल?"

"कशाला?"

"माझ्याकडे माहेरचं पातेलं आहे. बुडाला पसरट आहे ते. बसायचं नाही नाहीतर."

थोरलीचा हात थांबला. "अगं, दाखवायची आहे ना ही?"

"हो. तेही खरंच," धाकटी म्हणाली आणि उठून पाणी आणायला गेली.

थोरलीने मात्र तोंड चार बोटं रुंद केलं. का केलं, ते तिला सांगता आलं नसतं.

दोन दिवसांनी साहेब आला. हा माणूस केंद्रावर पोत्यात नळी खुपसून बघायचा आणि "ओलावा जास्त आहे" म्हणायचा, म्हणून गावाने त्याचं नावच ओलावा ठेवलं होतं. माणूस वाईट नव्हता. उन्हातान्हात घरोघर हिंडून त्याच्या टाचा फुटल्या होत्या आणि चहा दिला की तो दोन्ही हातांनी कप धरायचा. त्याने पुढची चूल बघितली. मग मागच्या दाराने आत आला, खाली वाकला आणि नव्या चुलीत हात घातला. हात कोरडा निघाला, पांढरा.

"ही पेटलेली नाही."

"साहेब, आता आताच..." धाकटा म्हणाला.

"आता आताच पेटली असती तर काळी झाली असती." तो हात झटकत उठला. "हे बघा, मला तुमच्या घरात डोकवायची हौस नाही. पण लोक विटा रचून दाखवतात आणि वरून मला जाब विचारला जातो. मी पुन्हा येईन. कधी येईन ते सांगणार नाही. दोन्हीकडे शिजत असेल तर दोन घरं." जाता जाता त्याने विचारलं, "म्हातारबाबा कुणाकडे जेवतात?"

"माझ्याकडे," थोरला आणि धाकटा एकदमच म्हणाले.

ओलावा दोघांकडे बघत राहिला. आबा बाहेर मक्याच्या ढिगापाशी बसले होते. तिथूनच म्हणाले, "मी या ढिगाकडे राहतो, साहेब. सध्या मला तोच पोसतोय."

माणसं हसली. थोरलीला हसू आलं नाही.

त्याच दुपारी चूल पेटवली. माती वरून सुकली होती, पण आतून अजून ओली होती. धूर दाटून खोलीभर झाला, धाकटीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि तरी ती फुंकणी सोडेना. थोरली दारातून सांगत होती, "बारीक काटक्या घाल. अगं, आधी बारीक." मग स्वतःच्या चुलीवरचं उतू जायला लागलं म्हणून तिला पळावं लागलं.

साहेब कधी येईल याचा नेम नव्हता, म्हणून दोन्ही वेळचं वेगळं शिजू लागलं. पहिल्या दिवशी गंमत वाटली. धाकटा येऊन म्हणाला, "वहिनी, तुमच्या शेजारणीने भात करपवला." सगळे हसले. दुसऱ्या दिवशी धाकटी तेलाची वाटी घेऊन आली.

"ताई, थोडं तेल घेऊ?"

थोरली चमकली. या घरात तेल घ्यायला कुणी कुणाला विचारत नसे. "विचारतेस काय? घे की."

"नाही, साहेब दारात असता तर, म्हणून सवय लावून घेतेय."

हेही हसण्यावारी गेलं. पण त्यानंतर धाकटी रोज विचारू लागली, आणि मग काही दिवसांनी विचारेनाशी झाली. धाकट्याने दुकानातून तिचं तिला आणून दिलं होतं.

थोरलीच्या स्वयंपाकघराची आणि अवजारांच्या खोलीची भिंत एकच. पलीकडचं सगळं ऐकू यायचं. पोरीला घास भरवताना धाकटी गुणगुणायची. धाकटा काहीतरी बोलायचा आणि ती हसायची. मोठ्याने, खळखळून. इतक्या वर्षांत थोरलीने तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. आधी तिला वाटलं दुसरीच कुणी बाई आलीय. मग तिच्या लक्षात आलं आणि ढवळता ढवळता तिचा हात मंदावला. आपल्यापुढे ही कधी अशी हसली नाही. आपण कधी रागावलो नाही, उपाशी ठेवलं नाही, टोचून बोललो नाही. मग काय केलं आपण?

"काय झालं?" थोरल्याने विचारलं.

"काही नाही. दोन-तीन माणसांचं करायची सवय नाही. भात उरतोय."

ओलावा खरंच एका सकाळी येऊन गेला. मागच्या दाराने डोकावला, काळी पडलेली चूल बघितली, चुलीवरचं पसरट पातेलं बघितलं, पोरीच्या तोंडाला लागलेला भात बघितला. "ठीक आहे," म्हणाला. दोन घरं झाली.

मका केंद्रावर नेला तेव्हा तिथे आधीच जत्रा भरल्यासारखी गर्दी होती. उघडं मैदान. कडेला पत्र्याची एक शेड, पण ती सरकारने घेतलेल्या मालाची. ज्याच्या त्याच्या नावाने मका जमिनीवर ओतून ढीग करायचा, वाळवायचा, तपासणी झाली की पोत्यात भरून काट्यावर न्यायचा. पाळी येईपर्यंत तिथेच मुक्काम. पुरुष ढिगांमध्येच झोपायचे. त्यांच्या अंगाला, केसांना, श्वासाला मक्याचा वास यायचा. ज्यांची पाळी लांब होती ते रोज आपला ढीग पायाने पसरायचे आणि संध्याकाळी फावड्याने गोळा करायचे. पसरून गोळा करून दाण्यावरची चमक जायची आणि ढिगाखालची माती तेवढी चमकदार व्हायची.

घरचा मका दोन ढिगांत ओतला. एक थोरल्याच्या नावाचा, एक धाकट्याच्या. मधून माणूस जाईल एवढीच वाट. दाणा तोच, रान तेच. ओतताना एका पोत्यातला अर्धा इकडे आणि अर्धा तिकडे गेला, कुणी बघितलं नाही.

दोघी जावा रोज दुपारी चालत जेवण घेऊन जायच्या. आपापलं भांडं आपापल्या डोक्यावर. त्या दिवशी दोघी पोचल्या तेव्हा भाऊ जागेवर नव्हते. रिकामी पोती वाटायला सुरुवात झाली होती म्हणून शेडपाशी रांगेत उभे होते. आबा घरी पोरीजवळ. दोघींनी भांडी खाली ठेवली, आणि तेवढ्यात वारा सुटला.

वारा आधी आला, मग धूळ, मग पालापाचोळा. मैदानभर ओरडा झाला. माणसं ढिगांकडे धावू लागली. घरात धड ताडपत्री एकच होती, घडी करून दोन्ही ढिगांच्या मधल्या वाटेत ठेवलेली. ती एका ढिगापुरतीच होती. थोरलीने ती उलगडली. पहिले थेंब पडले, मोठाले, दाण्यांवर टपटप वाजणारे. आणि मग सगळं एकदमच कोसळलं.

डोळ्यांत पाणी आणि माती. तिला समोरचं काही दिसेना. हातात ताडपत्रीची कड होती एवढंच कळत होतं. ती ओढायला लागली. पलीकडून वारा ताडपत्रीला धरून बसला होता, सुटेना. तिने टाचा रोवल्या, पाठ मागे टाकली, अंगठ्याच्या भेगेतून कळ निघाली तरी ओढलं. एकदम ताडपत्री सैल झाली आणि ती मागे आपटली. उठली, ढिगावर ती पसरली आणि कडा दाबून धरायला स्वतः तिच्यावर पालथी पडली. पोटाखाली मक्याची ऊब लागत होती. पाठीवर पाऊस फटके मारत होता.

जरा वेळाने तिने मान वळवून बघितलं. कुठल्या ढिगावर आपण पडलो आहोत, ते तेव्हा तिला दिसलं.

मधल्या वाटेपलीकडे धाकटी उभी होती. तिने अंगावरची शाल ढिगावर टाकली होती, जेवणाचं फडकं टाकलं होतं, आणि आता नुसत्या हातांनी दाणे खालून वर सारत होती. पाणी ढिगाच्या अंगावरून ओघळत होतं, दाणे घेऊन खाली येत होतं. तिचे केस तोंडाला चिकटले होते. तिने थोरलीकडे बघितलं. पुन्हा दाणे सारू लागली.

भाऊ धावत आले. धाकटा मधल्या वाटेत थांबला. त्याने या ढिगाकडे बघितलं, मग त्या. क्षणभरच. मग तो बायकोशेजारी वाकला आणि ओंजळीने भिजका मका पोत्यात भरू लागला. थोरलाही त्याच ढिगाला लागला. पण तेव्हा कोरडं असं फारसं उरलं नव्हतं, बाकीचं चिखलात होतं.

दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. ओलावा नळी घेऊन आला. थोरल्याचा ढीग पास झाला. धाकट्याच्या ढिगात त्याने तीन ठिकाणी नळी घातली, कारण एकदा बघून नाही म्हणणं त्यालाही जड जात असावं.

"नाही चालणार. वाळवून आणा."

"वाळेपर्यंत केंद्र बंद होईल, साहेब," धाकटा म्हणाला.

"ते माझ्या हातात नाही." मग त्याने शेजारच्या कोरड्या ढिगाकडे बघितलं आणि सहज बोलून गेला, "अहो, भावाची ताडपत्री मागायची होती की. दोन घरं झाली म्हणून काय झालं?"

चौघेही खाली बघत उभे राहिले. खरं सांगायची सोय नव्हती. थोरलीला वाटलं, जमीन फाटली तर बरं. धाकट्याने फावडं उचललं आणि म्हणाला, "राहून गेलं, साहेब."

भिजलेला मका घरी आणून अंगणभर पसरला. सगळ्यांनी मिळून तो पायांनी हलवला, सकाळ संध्याकाळ. काही दाण्यांना पांढरे कोंब फुटले होते, त्यांचा आंबूस वास घरभर भरून राहिला. थोरली सगळ्यांच्या आधी उठून हलवायला लागायची आणि सगळ्यांच्या शेवटी थांबायची. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं. शेवटी व्यापारी आला, नाक मुरडलं आणि जनावरांच्या खाण्याच्या भावाने उचलून घेऊन गेला.

केंद्राचे पैसे आल्यावर थोरल्याने ते सगळे आबांपुढे ठेवले, व्यापाऱ्याचेही त्यातच. आबांनी एकाचे दोन भाग केले, अगदी सारखे. धाकटा हात पुढे करेना.

"दादा, ते तुझ्या नावावर आलेत."

"माझ्या नावावर म्हणजे काय रे?" थोरल्याचा आवाज चढला. "कालपर्यंत तुझं माझं होतं का या घरात?"

धाकट्याने पैसे घेतले. भांडण झालं नाही. एखादं भांडण झालं असतं तर थोरलीला बरं वाटलं असतं. कुणी तिला बोललं असतं, तर तिने उलट बोलून घेतलं असतं, रडून घेतलं असतं. ताडपत्रीचा विषय कुणी काढलाच नाही. नवऱ्यानेही नाही. तो तेवढा शहाणा होता, किंवा त्याला भीती वाटत होती.

"आता ती मागची चूल मोडा बाबा," थोरला म्हणाला. "नाटक संपलं."

"हो, मोडू," धाकटा म्हणाला.

त्या संध्याकाळी मागच्या अंगाने धूर निघाला. दुसऱ्या दिवशीही निघाला. थोरली सगळ्यांपुरता भात घालायची आणि अर्धा उरायचा. मग ती कमी घालू लागली. आबा ढीग नसलेल्या अंगणात बसायचे आणि ज्या बाजूने आधी हाक येईल तिकडे जेवायला जायचे. आधी हाक मारायची दोघींनाही घाई होऊ लागली, हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण एके दिवशी ते म्हणाले, "मला भूक लागली की मी येईन. मला कुणी बोलावू नका."

पुढच्या पेरणीची तयारी सुरू झाली तेव्हा गावात बातमी आली. हमीभाव तोच राहणार होता, पण वाटा आता घरामागे नाही, जमिनीमागे. जेवढं रान तेवढी पोती. चुली कुणी बघणार नाही.

थोरला ही बातमी घेऊन जवळजवळ पळतच आला. बऱ्याच दिवसांनी त्याचं तोंड मोकळं दिसत होतं. "ऐकलंस? साहेबाला नळी घालायला आता मकाच तेवढा उरला!" त्याने ओसरीवरची कुदळ उचलली आणि थोरलीच्या हातात दिली. "जा. तू घातलीस, तूच मोड. एकदाचं सगळं पहिल्यासारखं होऊ दे. मी त्याला शेतातून बोलावून आणतो."

थोरली कुदळ घेऊन मागच्या बाजूला गेली. आतून जायचं की बाहेरच्या दाराने, असा तिला क्षणभर प्रश्न पडला. ती बाहेरून गेली. दारात उभी राहून तिने कडी वाजवली, आणि वाजवल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण कडी वाजवली.

धाकटी सुपात डाळ निवडत होती. पोरगी कोपऱ्यात झोपली होती. खोली झाडून लख्ख केलेली. भिंतीला फळी ठोकून तिच्यावर डबे मांडलेले, लहानमोठे, उंचीप्रमाणे. धाकटीने आधी तिच्याकडे बघितलं, मग कुदळीकडे.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "दादा केवढ्याने बोलत होते."

"ते म्हणतात, आता गरज नाही."

"सरकारला नाही." धाकटी डाळीतला खडा वेचून दारातून बाहेर टाकत म्हणाली. मग तिने पाट पुढे सरकवला. "बसा ना, ताई."

थोरली बसली. कुदळ तिने भिंतीला टेकवली. या घरात तिला बसायला कुणी पाट दिला नव्हता, ती देत आली होती. बसल्यावर हात कुठे ठेवावेत ते कळेना. सुपात डाळ खळखळत होती.

"ती ताडपत्री मी ओढली," थोरली म्हणाली. आवाज एवढा बारीक निघाला की तिला वाटलं ऐकू गेलाच नाही. "मला दिसत नव्हतं, असं मी मनाला सांगते. पण हातांना ठाऊक होतं. जोर लावून ओढली मी. वाऱ्याशी भांडून ओढली."

धाकटीने सूप खाली ठेवलं.

"वारा नव्हता तो, ताई."

थोरलीने वर बघितलं.

"मी होते. दुसरं टोक माझ्या हातात होतं. मीही ओढत होते." ती स्वतःच्या तळहातांकडे बघत होती. "तुमच्या हाताला जोर जास्त, म्हणून तुम्हाला मिळाली. मला मिळाली असती तर तुमचा मका भिजला असता आणि मी तिच्यावर पडून राहिले असते. मी एवढे दिवस वाट बघत होते, तुम्ही कधी मला बोलाल म्हणून."

"मी वाट बघत होते, तू कधी बोलशील म्हणून."

कोपऱ्यात पोरगी कुशीवर वळली. धाकटीने तिला थोपटलं, ती पुन्हा झोपेपर्यंत.

"तिकडे परत यायला मला अडचण नाही," धाकटी हळू आवाजात म्हणाली. "इथे बरं वाटतं ते तुम्ही वाईट वागलात म्हणून नाही. कधीच नाही वागलात. पण इथे बसले की आज काय करायचं हे मी ठरवते. करपलं तर माझं करपतं. तेवढंच." तिने सुपातली डाळ हाताने सारखी केली. "तुम्ही मोडा म्हणालात तर मी स्वतः मोडते. मला तोंडाने 'नको' म्हणता यायचं नाही."

बाहेर शेताच्या बाजूने दोन भावांचे आवाज जवळ येत होते. थोरला काहीतरी सांगत होता, भरभर, आणि धाकटा हुंकार देत होता.

थोरली पाटावरून उठली. चुलीपाशी जाऊन गुडघे टेकून बसली, हात आत घातला आणि अंगठ्याने आतला उतार चाचपला. एके ठिकाणी बोट अडलं. ओली असतानाच पेटवल्यामुळे मागच्या अंगाला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती. तिच्यातून धूर मागे भिंतीत जात असणार. तरीच भिंत एवढी काळी पडली होती.

"ही अशी चिरलीय आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"कसं सांगणार होते?"

भाऊ दारात येऊन थांबले. थोरल्याने आत डोकावून बघितलं. कुदळ भिंतीला टेकलेली, चूल जागच्या जागी आणि बायको चुलीत कोपरापर्यंत हात घालून बसलेली.

"काय चाललंय?" त्याने विचारलं.

थोरलीने त्याच्याकडे बघितलं नाही. काजळीने माखलेला हात बाहेर काढत ती धाकटीला म्हणाली, "जा, माती भिजव. भुसा जरा जास्त घाल या खेपेला."